उभे राहण्याचा उद्योग



ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान दरवर्षी होते त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेले आहेच. मी मात्र आज त्यांना नुसते ‘सर’ म्हणणार आहे. माझ्या वेळी या शाळेत अनेक शिक्षक होते आणि सगळेच आदरणीय होते. पण कुणी नुसते ‘सर आले’ म्हटले की वर्ग ज्यांच्यासाठी चिडीचूप होई, ते हे व्यायामाचे सर. ते तरुणपणी राजरत्न प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात घडलेले. बडोद्याच्या तुम्हां मंडळींना त्या तालमीविषयी मी वेगळे सांगायला नको.

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने हाडे आणि स्नायू या विषयावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. संयोजकांनी मला ‘बृहन्महाराष्ट्रातील मराठी’ असा काहीतरी विषय सुचवला होता. त्यावर मी पुष्कळ वेळा बोलले आहे आणि खरे सांगायचे तर मला त्याचा थोडा कंटाळाही आला आहे. शिवाय २०२१ च्या डिसेंबरात न्हाणीघरात पाय घसरून माझा उजवा खुबा मोडला. त्यानंतर शस्त्रक्रिया, वॉकर आणि काठी या वाटेने मी पुन्हा चालायला शिकले. बाहत्तराव्या वर्षी चालायला शिकणाऱ्या माणसाला आपण चालतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न पडणारच. आणि तो प्रश्न पडला की मला सर आठवतात.

गोष्ट १९६२ च्या पावसाळ्यातली. मी आठवीत होते. मैदानावर पोटरीएवढे पाणी साचलेले, तेव्हा कवायतीचा तास वर्गात. सर प्रयोगशाळेतून हाडांचा सापळा घेऊन आले. लाकडी चौकटीला लोखंडी आकडा, त्या आकड्याला कवटीतली कडी अडकवलेली आणि खाली तारेने ओवलेली सगळी हाडे. मुली मागे सरकल्या. सरांनी विचारले, “हा काय करतोय?” कुणीतरी म्हणाले, “उभा आहे, सर.” सरांनी एका हाताने कडी आकड्यातून सोडवली. क्षणात गुडघे दुमडले, मान कलली, बरगड्या खळखळल्या आणि तो सहा फुटी गृहस्थ सरांच्या दुसऱ्या हातावर मोळीसारखा पडला. सर म्हणाले, “हा उभा नव्हता. हा टांगलेला होता. उभा आहे तो हा.” आणि त्यांनी शेजारच्या बाकावरच्या एका किडकिडीत मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

मग त्यांनी त्या मुलाला सावधान उभे केले आणि आम्हाला त्याची पोटरी दाबून पाहायला सांगितली. वरून पाहता मुलगा स्वस्थ होता. पोटरी मात्र दगडासारखी. याचे कारण पुढे वाचनात आले. आपण सरळ उभे असतो तेव्हा शरीराच्या वजनाची रेषा घोट्याच्या सांध्याच्या किंचित पुढून जाते. म्हणजे आपण प्रत्येक क्षणी पुढे पडतच असतो आणि पोटरीचे स्नायू प्रत्येक क्षणी आपल्याला मागे ओढून धरत असतात. स्तब्ध उभा माणूस बारकाईने पाहिला तर तो सतत सूक्ष्म डुलत असतो. खांब नुसता उभा असतो, माणसाला मात्र क्षणोक्षणी उभे राहावे लागते. आपण सर्रास म्हणतो की हाडांचा सापळा शरीराला आधार देतो. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. हाडे दाब सोसतात. पण ती एकावर एक रचून ठेवण्याचे, तोल सांभाळण्याचे काम त्यांच्याभोवतीच्या मांसाने अहोरात्र करावे लागते. तंबूचा मधला खांब दोरांशिवाय किती वेळ टिकेल?

‘सापळा’ हा शब्दही मोठा मजेचा आहे. उंदीर पकडण्याचा तो सापळा आणि हाडांचाही सापळा. दोन्हींत वरकरणी साम्य एवढेच, की आत पोकळी आणि भोवती काड्यांची चौकट. माझा पीएच.डी.चा प्रबंध शब्दांच्या अर्थपालटावर होता, म्हणून ही खोड. पण आजच्या विषयात या खोडीचा उपयोगही आहे. ‘स्नायू’ हा शब्द घ्या. आज आपण मराठीत आणि गुजरातीतही स्नायू म्हणजे आकुंचन पावून शरीर हलवणारे मांस समजतो. बंगालीत त्याच शब्दाचा अर्थ मज्जातंतू. आणि सुश्रुतसंहितेत? तिथे मांसाला ‘पेशी’ म्हटले आहे आणि ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध. म्हणजे एकच शब्द सुश्रुतांकडे दोरी आहे, आपल्याकडे ओढणारा गडी आहे आणि कोलकात्यात ओढण्याचा हुकूम नेणारा निरोप्या आहे! शब्दाची ही भटकंती निव्वळ गोंधळ नव्हे. तिन्ही गोष्टी दिसायला लांब, तंतुमय. बंध आणि मज्जातंतू यांतला भेद तर उघड्या डोळ्यांना चटकन कळत नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात शरीराची मोजदाद आहे. शल्यतंत्राप्रमाणे हाडे ३००, सांधे २१०, स्नायू ९००, पेशी ५००. आजचे शरीरशास्त्र प्रौढ माणसाची हाडे २०६ मोजते. हा फरक पाहून ‘आपल्या पूर्वजांची चूक’ म्हणणारे आणि ‘विज्ञानच अजून तिथे पोहोचायचे आहे’ म्हणणारे, असे दोन्ही पक्ष मी व्यासपीठांवर ऐकले आहेत. दोघांनीही मोजणीची रीत पाहिलेली नसते. सुश्रुतांच्या पाच प्रकारांत ‘रुचक’ म्हणजे दात येतात आणि ‘तरुण’ म्हणजे कूर्चाही येते. आज आपण ही दोन्ही हाडांत धरत नाही. शिवाय हाडांची संख्या वयाबरोबर बदलते: नवजात बालकात सुमारे २७० ते ३०० तुकडे असतात, त्यांतले पुष्कळ पुढे एकमेकांना जुळून जातात. संख्येपेक्षा मला त्या अध्यायातल्या दोन उपमा मोलाच्या वाटतात. झाड जसे आतल्या गाभ्यावर उभे असते तसे शरीर हाडांवर उभे असते, ही एक. आणि फळ्या अनेक बंधांनी घट्ट बांधल्या म्हणजे नाव जशी पाण्यात माणसांचा भार वाहू शकते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार वाहू शकतो, ही दुसरी. पहिली उपमा सगळ्यांना सुचेल. दुसरी सुचायला मेलेले शरीर हाताळावे लागते, आणि ते पाण्यात ठेवून थरथराने कसे पाहावे हेही त्याच अध्यायात सांगितले आहे. आमच्या सरांनी सुश्रुत वाचले नव्हते. पण कडी काढल्यावर जे दिसले ते बंध सुटलेल्या नावेचेच दृश्य होते.

आता ओढणाऱ्या गड्यांकडे वळू. शरीरात नाव असलेले स्नायू सहाशेच्या वर आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून एकच विद्या येते, ती म्हणजे आखूड होणे. स्नायू ओढतो, तो कधी ढकलत नाही. तुम्ही दार ढकलता तेव्हाही आतला प्रत्येक स्नायू ओढतच असतो. म्हणूनच ते जोडीने कामाला बसवलेले असतात. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर दुमडतो, मागचा ते सरळ करतो. एक ओढू लागला की दुसऱ्याने बेताने सैल सोडायचे. दुसऱ्याने सोडले नाही तर हात थरथरतो. मुले दंड फुगवून दाखवतात त्याला आपण ‘बेडकुळी’ म्हणतो, कुठे ‘बेटकुळी’. आपल्या पूर्वजांना कातडीखाली बेडूक उडाल्यासारखे वाटले असावे. गंमत अशी की युरोपातल्या भाषांत स्नायूसाठी जो शब्द रूढ झाला तो लॅटिनमधला ‘छोटा उंदीर’. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक.

ही बेडकुळी मोठ्या तोट्याच्या जागी बसवलेली आहे. तिची दोरी, म्हणजे कंडरा, कोपराच्या सांध्यापासून अवघ्या चारपाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेली असते आणि तळहातावरचे ओझे असते तीस-पस्तीस सेंटिमीटर दूर. शाळेत शिकलेला तरफेचा नियम लावा. तळहातावर ५ किलोची पिशवी कोपर दुमडून धरायची, तर त्या स्नायूला सातआठ पट, म्हणजे ३५-४० किलोच्या वजनाइतकी ओढ लावावी लागते. सतराव्या शतकात इटलीतील बोरेली या गणितज्ञाने हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला. त्याचा ‘प्राण्यांच्या हालचालींविषयी’ हा लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ साली प्रसिद्ध झाला. तोवर विद्वानांची समजूत अशी होती, की निसर्ग थोड्या बळात मोठे ओझे उचलतो. बोरेलीने नेमके उलटे दाखवले: ओझे लहान आणि बळ प्रचंड. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार का? कारण बदल्यात वेग मिळतो. स्नायू बोटभर आखूड होतो तेवढ्यात हात वीतभराहून जास्त फिरतो. चेंडू फेकणे, मलखांबावर उडी घेणे, वीणेवर बोट पडणे हे सगळे या तोट्याच्या सौद्यातून आले आहे.

गुडघ्याची वाटी मात्र नफ्याची. ती मांडीच्या कंडरेतच तयार झालेले हाड आहे आणि विहिरीवरच्या रहाटासारखे दोरीला सांध्यापासून दूर धरते, म्हणून कमी ओढीत काम होते. जन्मतः ती कूर्चेची असते. हाड बनायला साधारण तिसऱ्या वर्षानंतर सुरुवात होते.

माझ्या दुखण्याशी ज्याचा संबंध तो सांधा खुब्याचा. शस्त्रक्रियेनंतर मला चालवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी येत असे. पहिल्याच दिवशी तिने काठी माझ्या डाव्या हातात दिली. मी म्हटले, “अगं, मोडला आहे उजवा खुबा.” ती तिच्या गोड गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, “म्हणूनच डाव्या हातात, बा.” मला ते पटले नाही. मोडक्या बाजूला टेकू द्यायचा, ही साधी अक्कल! चार दिवस मी तिच्या माघारी काठी उजव्या हातात घेऊन लंगडत राहिले. मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन तिने मला हिशेब समजावला, आणि चाळीस वर्षे शिकवण्याचे काम केलेल्या मला विद्यार्थिनी होण्याचा आनंद मिळाला. तो हिशेब तुम्हालाही सांगते.

चालताना दर पावलाला आपण काही क्षण एका पायावर उभे असतो. समजा माणूस ६० किलोचा आहे. टेकलेल्या पायाचे वजन वजा केले तर उरलेले सुमारे ५० किलोचे शरीर खुब्याच्या एका गोळ्यावर तोलायचे असते. पण हे वजन गोळ्याच्या बरोबर वर नसते. ते शरीराच्या मध्याकडे, ढोबळमानाने १० सेंटिमीटर आत असते. म्हणजे कंबर आत कोसळायला पाहते. तिला बाहेरून धरून ठेवतात कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू, आणि त्यांचे अंतर गोळ्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर. जुना हातातला तराजू डोळ्यांसमोर आणा, पण एक दांडी दुसरीच्या निम्मी. आखूड दांडीकडच्याला दुप्पट ओढावे लागणार, म्हणजे १०० किलो. आणि गोळ्यावर भार येतो दोन्हींचा मिळून, ५० अधिक १००, म्हणजे १५० किलो. साठ किलोचा माणूस एकेका पावलाला आपल्या एका खुब्यावर दीडशे किलो घेतो.

आता काठी विरुद्ध हातात घ्या. ती खुब्यापासून जवळजवळ अर्धा मीटर दूर टेकते. दांडी लांब, म्हणून तिथे नुसते ५ किलो दाबले तरी स्नायूचे निम्मे काम हलके होते. १०० चे ५० होतात आणि गोळ्यावरचे दीडशे शंभराच्याही खाली येतात. त्याच बाजूला काठी घेतली तर दांडीच आखूड राहते आणि हा लाभ हाती येत नाही. आकडे ढोबळ आहेत, पण तत्त्व पक्के आहे. पाचव्या दिवसापासून मी काठी मुकाट्याने डाव्या हातात धरली.

मुलांनो, एक प्रयोग व्याख्यान संपल्यावर करा. उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला चिकटवून उभे राहा आणि डावा पाय उचलून पाहा. उचलणार नाही. एरवी आपण पाय उचलण्याआधी नकळत सगळे शरीर दुसऱ्या पायावर सरकवतो. भिंत तेवढे सरकू देत नाही. मैदानावर लंगडी घालताना तुम्ही हा सगळा हिशेब बिनचूक करता आणि गणिताच्या पेपरात मात्र तरफेचे उदाहरण सोडून देता.

खुब्याच्या बाबतीत मला अजून एक गोष्ट सांगायची आहे आणि ती थोडी जड आहे. १९५८ साली माझ्या आजीचा खुबा मोडला. ती ओट्यावरून उतरताना पडली. बडोद्यात हाडे बसवण्याची विद्या जुनी. खुद्द माणिकरावांची ख्याती मल्ल म्हणून होती तशी मोडलेली हाडे बसवणारे म्हणूनही होती. आमच्याकडे एक जाणते हाडवैद्य आले. त्यांनी आजीचा पाय नुसता पाहिला. तो आखूड झाला होता आणि पाऊल बाहेर वळले होते. ते वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, “मनगट असतं तर बसवून दिलं असतं. हे बसायचं नाही.” आजी खाटेवर निजली ती उठली नाही. चार महिन्यांनी गेली. मी नऊ वर्षांची होते. पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. तिची पिंढरी आठवड्याआठवड्याला कशी सुकत गेली हे मी पाहिले आहे.

ते हाडवैद्य खरे बोलले होते. मांडीच्या हाडाचा गोळा एका आखूड मानेवर बसलेला असतो आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बहुतांशी त्या मानेच्या कडेनेच वर जातात. मान मोडली की त्या तुटतात, गोळा उपाशी राहतो आणि बाहेरून कितीही बांधले तरी जुळत नाही. माझ्या वेळी डॉक्टरांनी तो गोळाच काढून धातूचा बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला उभे केले. मला तो क्रूरपणा वाटला. पण डॉक्टर घाई करत होते ते माझ्या हाडासाठी नव्हे, मांसासाठी. खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू दिवसादिवसाने झडतात, फुफ्फुसांत कफ साठतो, रक्त गोठते. आजीला मोडलेल्या हाडाने मारले नाही, पडून राहण्याने मारले. हे मला साठ वर्षांनी कळले.

हाड निर्जीव आहे ही आपली फार जुनी समजूत आहे. ‘हाडासारखा कोरडा’ असे आपण म्हणतो. जिवंत हाड कोरडे नसते. ते ओले असते, त्यातून रक्त वाहते, त्याच्या मगजात रक्त तयार होते. वजनाने सुमारे दोन-तृतीयांश चुनखडीसारखे क्षार आणि बाकी मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. कोंबडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवले की क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखे वाकते. उलट भट्टीत जाळले तर धागे जातात आणि हाड बोटाने चुरडते. मातीच्या भिंतीत आपले लोक काडीकचरा मिसळत ते याचसाठी.

आणि हे हाड रोज मोडले जाते आणि रोज बांधले जाते. काही पेशी जुने हाड कुरतडतात, काही नवे घालतात. प्रौढ माणसाच्या सापळ्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. कुठे किती घालायचे हे ठरवतो भार. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये फोन मायर या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा वरचा भाग उभा कापून आतल्या जाळीचे चित्र काढले होते. कुलमान नावाच्या अभियंत्याने ते पाहिले आणि तो चकित झाला. वजन उचलणाऱ्या वाकड्या क्रेनमध्ये ताण आणि दाबाच्या ज्या रेषा तो विद्यार्थ्यांना काढायला लावत असे, तशाच वळणाने हाडातल्या काड्या रचलेल्या होत्या. पुढे १८९२ मध्ये बर्लिनच्या युलियस वोल्फने यावरून नियम सांगितला: हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलत जाते. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्याहून जाड असते. अंतराळात भारच नसतो, तर तिथे अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. न वापरलेले हाड शरीर ठेवत नाही, मोडून नेते.

पाठीच्या कण्याची कथाही हीच, म्हणून थोडक्यात सांगते. जन्मतः कणा एकाच कमानीत वाकलेला असतो. मूल मान धरू लागले की मानेचा बाक येतो, उभे राहून चालू लागले की कमरेचा. ‘ताठ कणा’ हा आपला आवडता अलंकार. पण खरा निरोगी कणा ताठ नसतो, तो वळणदार असतो. ‘कंबर कसणे’ हा वाक्प्रचार मात्र शास्त्रशुद्ध आहे. स्टेशनवरचा हमाल ओझे उचलण्याआधी कमरेला फडके आवळतो, मल्ल लंगोट कसतो. पोटाचे स्नायू आवळले की आतला दाब वाढतो आणि कण्यावरचा भार थोडा हलका होतो.

मुलींसाठी मला मुद्दाम काही सांगायचे आहे. आयुष्यात हाडांचा जो साठा करायचा त्यातला नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग मुलींच्या बाबतीत अठराव्या वर्षापर्यंत जमा होतो. पुढे तिशीपर्यंत थोडी भर पडते आणि पाळी थांबल्यावर काही वर्षे हा साठा झपाट्याने उतरतो. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते आणि उरलेल्या चिमूटभरावर हृदयासकट प्रत्येक स्नायूचे आकुंचन चालते. त्या चिमटीत तूट आली की शरीर हाडांतून उचल करते. हृदय बंद पडू देण्यापेक्षा खुबा ठिसूळ झालेला त्याला परवडतो. तेव्हा दूध, ऊन आणि मैदान ही तिन्ही याच वयात हवीत, आणि त्यांतले मैदान कुणी तुम्हाला घरी आणून देणार नाही.

हे सांगण्याचा मला अधिकार किती, हा प्रश्न उरतो. सर शाळेत होते त्या तीन वर्षांत मी कवायतीचा एकही तास केलेला नाही. आमच्या घरी मोठ्या मुलीने मैदानात उड्या मारणे पसंत नव्हते. वडिलांनी ओळखीच्या एका वैद्यांकडून ‘हृदय नाजूक आहे, श्रम वर्ज्य’ असे प्रमाणपत्र आणले. मला त्याचे दुःख झाले नाही, उलट बरे वाटले. मला कादंबऱ्या वाचायच्या होत्या. माझे हृदय तेव्हाही ठणठणीत होते आणि आजही आहे. त्या तीन वर्षांमुळेच खुबा मोडला असे मी म्हणणार नाही. म्हातारपणी हाड मोडायला कारणे अनेक असतात. पण साठा करण्याच्या वयातली तीन वर्षे मी कडुनिंबाखाली बसून काढली, हे खरे.

सरांनी ते प्रमाणपत्र वाचले, घडी घातली, फायलीला लावले. माझ्याकडे एकदा पाहिले. म्हणाले, “ठीक. तू मोजायचं. पण शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे.” शेवटची रांग मैदानाच्या पार पलीकडे, आंब्याजवळ असे. तेव्हापासून वर्गाच्या सूर्यनमस्कारांची मोजणी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी तिसाव्या आकड्याला माझा घसा बसला. सर जवळ येऊन म्हणाले, “घशातून नको, पोटातून.” छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू पसरलेला असतो, तो खाली ओढला की श्वास आत येतो, आणि तो बेताने वर सोडता आला की आवाज लांब जातो. हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही. महिन्याभरात मी शंभरपर्यंत मोजू लागले. तीन वर्षे, आठवड्यातले चार दिवस.

पुढे चाळीस वर्षे मी दीडदीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात ध्वनिक्षेपकाशिवाय शिकवले. सहकाऱ्यांचे घसे बसत, माझा कधी बसला नाही. मी ते दैवी देणे समजत होते. २०२२ च्या जानेवारीत ती फिजिओथेरपिस्ट मुलगी माझा पाय धरून गुजरातीत आकडे मोजत होती आणि मी तिच्या बरोबरीने मराठीत मोजू लागले, तेव्हा ती दचकून म्हणाली, “बा, खालच्या मजल्यावर ऐकू जातंय.” त्या क्षणी मला आंब्याजवळची शेवटची रांग दिसली. प्रमाणपत्रात पोटाच्या त्या घुमटाचा उल्लेख नव्हता. सरांनी तेवढाच एक स्नायू मोकळा राहिलेला पाहिला आणि कामाला लावला.

ते प्रमाणपत्र खोटे होते, हे मी आज या व्यासपीठावरून सांगते. सरांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. १९६२ ते १९६५ या वर्षांच्या हजेरीपुस्तकांत माझ्या नावापुढे कवायतीच्या रकान्यात त्यांनी काय लिहिले होते, हे मी मध्यंतरी कार्यालयात विनंती करून पाहिले. तिन्ही वर्षे ‘हजर’ असे आहे.